बाबा त्या मेलला उत्तरं देतायत, काय करू?

प्रश्न: ताई, माझे बाबा रिटायर झालेत, त्यांना मेल आला की नायजेरियात कोणी वारस नसलेला माणूस वारला, त्याचे 45 लाख डॉलर तुमच्या नावावर करतो, आणि आता बाबा रोज रात्री जेवणं झाली की त्या माणसाला उत्तर लिहीत बसतात, म्हणतात मी त्याचा टाइम खाऊन जिरवतोय त्याची. चालेल का हे?

उत्तर: नको गं, थांबव त्यांना. उत्तर गेलं की समोरच्याला कळतं हा पत्ता चालू आहे, मग मेल वाढतातच. आणि मेल इतका येडपट का असतो माहितीये? मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये हेच मांडलं, की शंका घेणारे आधीच गळावेत आणि भोळे तेवढे उरावेत म्हणून. अशा फसवणुकीला 419 म्हणतात, नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या कलमावरून. पुढे 'प्रोसेसिंग फी' मागतात, खरा खेळ तिथे. बाबांच्या मेलखाली नाव-मोबाइल नंबर आपोआप जातोय का ते आजच बघ, मला त्याचीच जास्त काळजी वाटते! मग मेल स्पॅममध्ये टाका. पैसे गेलेच असतील तर बाबांना रागावू नकोस, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव.