बासची जागा रिकामी ठेवा

प्रश्न : आमच्या बँडमध्ये बास (खालच्या सुरांचं तंतुवाद्य) वाजवणारा मित्र गेला. मालवणात शोकसभा आहे. त्याच्यासाठी पियानोवर जॅझ कसं वाजवू?

उत्तर : ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊन १९५६ साली अपघातात गेला, तेव्हा सॅक्सोफोनवादक बेनी गोलसनने ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ रचलं. ते जरूर ऐका, पण वाजवा मित्राच्या आवडीचंच. लय मिनिटाला साठेक ठोके. डाव्या हातात कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर सोडून फक्त त्यापासूनचा तिसरा आणि सातवा स्वर धरा, तेही मधल्या सप्तकाजवळ. फार खाली गेलात तर गढूळ ऐकू येतं. मूळ स्वर एरवी बास वाजवतो, म्हणून बासची जागा रिकामी राहील. ती भरू नका, हीच खरी आठवण. पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) प्रत्येक कॉर्डला सोडून पुन्हा दाबा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पियानोचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर हलतात. ट्यूनरला दोन दिवस आधीच बोलवा.