एएलएसच्या (हालचाली चालवणारे न्यूरॉन मरत जाण्याचा आजार) रुग्णांमध्ये एफडीजी पेट स्कॅनचा (मेंदूचा कुठला भाग किती साखर घेतो ते दाखवणारा स्कॅन) अभ्यास करताना काय काळजी घ्यावी? स्कॅनमध्ये वाढलेला (जास्त साखर घेणारा) भाग म्हणजे तिथले न्यूरॉन चांगले आहेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, तसा अर्थ काढू नका.

एफडीजी म्हणजे फ्लोरीन-१८ जोडलेली ग्लुकोजसारखी साखर. पेशी ती आत ओढते, हेक्झोकायनेज हे एन्झाइम तिला फॉस्फेट चिकटवतं, पण पुढची पायरी होत नाही आणि ती तिथेच अडकते. स्कॅनर ही अडकलेली साखर मोजतो. ती न्यूरॉनने घेतली की ॲस्ट्रोसाइट, मायक्रोग्लिया अशा ग्लिया म्हणजे आधार देणाऱ्या पेशींनी, हे त्याला कळत नाही. २०१४ साली इटलीत १९५ रुग्णांची ४० जणांच्या तुलना गटाशी तुलना झाली. त्यात पुढचा आणि मोटर (हालचाली चालवणारा) कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, मंदावलेला दिसला, तर मध्यमेंदू आणि हिप्पोकॅम्पस वाढलेले. या वाढीमागे ग्लियाची सक्रियता असावी, हे स्पष्टीकरण मला सगळ्यांत पटतं.

पण त्याआधी ती वाढ खरी आहे का, हे तपासा. बहुतेक विश्लेषणांत प्रत्येक भागाचा आकडा संपूर्ण मेंदूच्या सरासरीने भागतात. आजाराने सरासरीच ५ टक्क्यांनी उतरली, तर अजिबात न बदललेला भागही ५ टक्क्यांहून थोडा जास्त वाढलेला दिसेल. मग सरासरीऐवजी भागायला संदर्भ म्हणून सेरेबेलम (लहान मेंदू) घ्यावा, तर एएलएसमध्ये तिथेही वाढ नोंदली गेली आहे. मेंदूच्या देठातल्या पॉन्समधून कॉर्टिकोस्पायनल मार्ग (मोटर कॉर्टेक्सकडून मज्जारज्जूकडे जाणारे तंतू) जातो, म्हणजे तोही निर्दोष नाही. म्हणून निदान दोन वेगवेगळ्या संदर्भांनी विश्लेषण करा आणि दोन्हीकडे टिकेल तेवढंच ठामपणे मांडा.

घट दिसली तरी सावध राहा. कॉर्टेक्सची जाडी २ ते ४ मिमी, तर स्कॅनरचं रिझोल्यूशन साधारण ४ ते ६ मिमी. कॉर्टेक्स नुसता पातळ झाला तरी आकडा उतरतो. टी-१ एमआरआय (मेंदूची रचना दाखवणारा) घेऊन पार्शल व्हॉल्यूम करेक्शन, म्हणजे पातळपणामुळे उतरलेल्या आकड्याची दुरुस्ती, करा, आणि करेक्शनआधीचे आकडेही द्या.

तयारीचं म्हणाल तर ४ ते ६ तास उपाशी (पोटातल्या नळीतून जाणारा आहार आणि डेक्स्ट्रोजचं सलाइनही यात आलं), रक्तातली साखर १६० मिग्रॅ/डेलिच्या खाली. कॅन्युला (शिरेतली नळी) इंजेक्शनच्या १० मिनिटं आधी लावा. मग मंद उजेडाची शांत खोली, १५० ते २५० मेगाबेकरेल डोस, आणि निदान पहिली २० मिनिटं बोलणं-हालणं बंद. इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर सगळ्यांना सारखंच ठेवा. ४५ मिनिटं ठरलं तर ४५च. बेन्झोडायझेपिन (शांत करणारं, झोप आणणारं औषध) चालू असेल तर नोंदवा, त्याने कॉर्टेक्सचा चयापचय मंदावतो.

खरी अडचण असते ती आडवं झोपण्याची. डायफ्रॅम (श्वासाचा मुख्य स्नायू) दुर्बळ असलेल्या माणसाला सपाट झोपवलं की तो धापा टाकतो, लाळ घशात जाते, डोकं हलतं. हे आधीच विचारा. बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) चालू ठेवा, पण मास्कचे धातूचे भाग स्कॅनच्या टप्प्यात येऊ देऊ नका. १५ मिनिटांचा स्कॅन ५-५ मिनिटांच्या तुकड्यांत घेतला, तर हललेला तुकडा काढून टाकता येतो. पेटचे आकडे दुरुस्त करायला सोबत सीटी घेतात; सीटी आणि पेटच्या मध्ये डोकं सरकलं, तर कवटीलगतच्या मोटर कॉर्टेक्समध्ये एका बाजूला खोटी घट उमटते. म्हणून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवून डोळ्यांनी पाहाच.

तुलना गट त्याच स्कॅनरवरचा, त्याच रिकन्स्ट्रक्शनचा (प्रतिमा तयार करण्याची पद्धत) आणि जुळत्या वयाचा हवा. प्रत्येक रुग्णाची संज्ञानात्मक चाचणी आणि शक्य असेल तर सी९ओआरएफ७२ (एएलएस आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया दोन्हींशी जोडलेल्या) जनुकाची तपासणी करा. नाहीतर या डिमेन्शियाची (वर्तन आणि भाषा बिघडवणारा आजार) घट एएलएसच्या नावावर जमा होते.

शक्य असेल तर सोबत एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआय यंत्राने मेंदूतली रसायनं मोजणं) घ्या. मोटर कॉर्टेक्समधल्या हाताच्या भागावर २×२×२ सेंमीचा व्हॉक्सेल (मोजायचा ठोकळा), टीई (सिग्नल टिपायची वेळ) ३० मिलिसेकंद. एनएए (न्यूरॉनचं रसायन) उतरलेलं आणि मायो-इनोसिटॉल (ग्लियाचं) चढलेलं असेल, तर न्यूरॉनची हानी आणि ग्लियाची वाढ या दोन्हींना आधार मिळतो. व्हॉक्सेल कवटीच्या फार जवळ गेला, तर चरबीचा सिग्नल स्पेक्ट्रम बिघडवतो.

आणि पाठपुराव्याचे स्कॅन करणार असाल, तर कोण गळालं आणि का, हे लिहून ठेवा. ज्यांना आता झोपताच येत नाही ते दुसऱ्या स्कॅनला येत नाहीत. उरतात ते सावकाश वाढणाऱ्या आजाराचे, आणि त्यांच्यावरून काढलेला वेग सगळ्यांना लागू होत नाही.