'सामावून घेणे' आणि 'समावेश': आवाज सारखा, घराणं वेगळं

प्रश्न असा आला आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात नव्या कक्षाची पाटी रंगवायची आहे. मसुद्यात 'समता, वैविध्यता व सर्वसमावेशकता संवर्धन कक्ष' असं लिहिलंय. एका प्राध्यापकांचं म्हणणं असं की 'सामावून घेणे' हा आपला सरळ मराठी शब्द असताना 'समावेशन' कशाला हवं, दोन्ही एकच तर आहेत. बरोबर काय?

'समता' की 'समानता' हे आधी उरकून टाकू. संविधानाच्या उद्देशिकेत हिंदीत 'प्रतिष्ठा और अवसर की समता' आहे आणि त्याच जागी मराठीत 'दर्जाची व संधीची समानता' आहे. दोन्ही खरे, कोणताही घ्या. 'वैविध्यता' मात्र खपवून घेता येणार नाही. 'विविध'चं भाववाचक नाम 'वैविध्य' झालं, तिथे काम संपलं. त्याला पुन्हा 'ता' लावणं म्हणजे टोपीवर टोपी. 'साम्यता', 'सौंदर्यता', 'ऐक्यता' ही त्याचीच भावंडं. परिपत्रकांतून ती रोज कानावर आदळतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. 'विविधता' लिहा, नाहीतर 'वैविध्य'.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही शब्द एकच, हे साफ चूक. 'समावेश' म्हणजे सम् + आ + विश्. विश् म्हणजे आत शिरणं. प्रवेश, निवेश, आवेश, उपवेशन ही सगळी त्याच धातूची प्रजा. 'सामावणे'चा या घराण्याशी काडीचाही संबंध नाही. तो 'मावणे'चा भाऊ, आणि मावणे आलं संस्कृतातल्या 'मा' धातूपासून. मा म्हणजे मोजणं. संस्कृतातच त्याला 'आत जागा मिळणं' हाही अर्थ आहे. माप, मात्रा, परिमाण, प्रमाण सगळी तिकडची. 'सामावणे हा समावेशचा अपभ्रंश' असं ठासून सांगणारे मास्तर जागोजाग भेटतात. त्यांना एवढंच विचारावं: तसं असेल तर 'श' गेला कुठे? मराठीत श सहसा असा गुपचूप गळत नाही, त्याचा स होतो. 'सामावणे'त स आहे तो आरंभीचा, 'सम्'मधला. शेवटच्या श ची तिथे खूणही नाही.

अहिराणीचा दाखला देणारेही आहेत. 'घरमा मावत नही' यातला पहिला 'मा' आणि मावणे यांचं नातं जोडून ते मोकळे होतात. अहो, तो 'मा' म्हणजे 'मध्य' झिजून उरलेला प्रत्यय. गुजरातीतला 'मां' तोच. त्यावर सिद्धांत उभारू नका.

श चा स होतो म्हटलं, त्याचं माझ्या मते सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे गावाची 'वेस'. विश् पासून 'वेश', म्हणजे शिरण्याची जागा, आणि त्याची झाली वेस. कुणी वेगळी व्युत्पत्ती लावत असेल तर खुशाल लावो, मला हीच पटते. कारण 'वेशीबाहेर ठेवणे' आणि 'समावेश' हे मग एकाच धातूचे दोन टोकांचे शब्द ठरतात. ज्यांची वस्ती शतकानुशतकं वेशीबाहेर राहिली, त्यांच्यासाठीच्या कक्षाच्या नावात वेस बसलेली असावी, याहून चपखल काय? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले साने गुरुजी १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसले, ती मागणीही 'मंदिरप्रवेशा'ची होती. पुन्हा विश्.

आणि विश् व मा एकत्र पाहायचे असतील तर लग्नघराच्या उंबऱ्यावर पाहा. नवी नवरी माप ओलांडून घरात प्रवेश करते. प्रवेशात विश्, मापात मा. घरात येणाऱ्यानं आधी घरचं माप लवंडायचं! एवढी अर्थपूर्ण व्युत्पत्ती कोशात बसून जुळवता येत नाही.

म्हणून फरक महत्त्वाचा. 'सामावून घेणे'त भांडं तेवढंच राहतं, येणाऱ्यानं त्यात मावायचं. विद्यापीठातल्या बऱ्याच घोळांचं मूळ हेच आहे, आणि इथे शब्दशः मापाचा प्रश्न येतो. व्हीलचेअर साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, म्हणून दार आतून मोकळं ९० सेंटिमीटर हवं. सुतार चौकट बाहेरून ९० मोजतो. चौकटीची जाडी आणि उघडलेली फळी वजा जाता आत ७५-८० उरतात. त्यातून खुर्ची कशीबशी जाते, चाकं हातानं ढकलणाऱ्याची बोटं मात्र सोलून निघतात. रॅम्पचंही तेच. उताराचं प्रमाण १:१२ हवं. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब. बांधला जातो दोन मीटरचा, कारण पुढे गटार किंवा स्कूटरचा स्टँड असतो. एवढ्या चढावर एकट्यानं खुर्ची चढवता येत नाही आणि उतरताना ती पुढे कोलमडते. अहवालात मात्र 'रॅम्प: आहे'.

परीक्षेतही 'सामावून घेण्यात येईल' हे वाक्य काहीच सांगत नाही. कोण घेणार? किती? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र दिव्यांग परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. हाच आकडा पर्यवेक्षकाच्या हातातल्या कागदावर छापा. नाहीतर तीन तास झाले की तो उत्तरपत्रिका ओढतो आणि लेखनिक निम्म्या वाक्यात थांबतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा किमान ४० टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राखल्या आहेत. तो हक्क आहे, सामावून घेण्याचं औदार्य नव्हे.

आणखी एक त्रास: 'समायोजन'. समावेशाला हा शब्द वापरणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की आपल्याकडे समायोजन म्हटलं की डोळ्यांपुढे अतिरिक्त ठरलेले शिक्षक येतात, आदेश हातात घेऊन नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या गाडीची वाट पाहणारे.

पाटीकडे येऊ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१२ च्या नियमांपासून 'समान संधी कक्ष' हे नाव रुळलेलं आहे, तेच मोठ्या अक्षरात घ्या. 'संवर्धन' काढा, ते वनखात्याला राहू द्या. खाली साधी ओळ: 'जात, धर्म, लिंग, भाषा किंवा दिव्यांगत्व यावरून त्रास झाला तर इथे सांगा.' त्याखाली खोली क्रमांक, वेळ आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या वर्गांत अहिराणी, तावडी, भिली, पावरी, मावची बोलत मोठी झालेली मुलं बसतात. अक्कलकुव्याच्या मुलाला 'सर्वसमावेशकता' वाचून दार ठोठवावंसं वाटणार नाही, 'इथे सांगा' वाचून कदाचित वाटेल. तीच ओळ अहिराणीत आणि पावरीतही लिहून घ्या, आणि ती भाषांतर करणाऱ्याकडून नव्हे, ती बोली घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडून.

प्राध्यापकांना नको असलेल्या 'समावेशन'वर मात्र माझा आक्षेप नाही. प्रवेशन, निवेशन तसंच ते. समावेश घडवण्याची क्रिया. खटकतं ते 'समावेशित शिक्षण'. समाविष्ट म्हणजे आत आलेला, समावेशित म्हणजे आत आणलेला. तेव्हा समावेशित होतात ते विद्यार्थी. शिक्षण असतं समावेशक. शालेय खात्यानं 'समावेशित शिक्षण' असंच रूढ केलं आहे आणि ते बदलायला कुणी तयार नाही. निधीच्या अर्जावर तुम्हीही तेच लिहा, एका शब्दापायी अर्ज त्रुटीत जायला नको.