मधल्या माणसाने किती गाळायचं?

*ताई, मी मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं बॉस्टनमध्ये. आमच्या अमेरिकन कंपनीने तेल अवीवमधली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली आणि दोन्ही टीम्स सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं. मागच्या महिन्यात इथल्या एका तरुण डिझायनरचं प्रेझेंटेशन चालू असताना तिकडचा टीम लीड मध्येच म्हणाला, "हे चालणार नाही. असं का केलंस?" ती गप्प झाली, नंतर रडली. तिच्या मॅनेजरने एचआरला कळवलं. तो लीड मला म्हणतो, "मी डिझाइनबद्दल बोललो, तिच्याबद्दल नाही. खोटं तर तुम्ही बोलता. वर्षभर ग्रेट, ग्रेट म्हणालात आणि अप्रेझलमध्ये रेटिंग कमी दिलंत!" हल्ली दोघंही एकमेकांना पाठवायच्या मेल आधी मला दाखवतात. तिकडच्या मी मऊ करते, इकडच्या स्पष्ट करते. रात्री झोप लागत नाही. दोघांना एकमेकांची रीत कशी शिकवू?*
*– मधली, बॉस्टन*

प्रिय मधली,

आधी ते मेल दुरुस्त करणं बंद करा. शिकवायचं नंतर बघू.

तुमच्या चांगुलपणामुळेच हे चिघळतंय. तुम्ही मऊ केलेल्या मेल वाचून बॉस्टनला वाटतं, तेल अवीवचे लोक आता सुधारले. तुम्ही स्पष्ट केलेल्या मेल वाचून तेल अवीवला वाटतं, अमेरिकन अखेर सरळ बोलायला लागले. मग मीटिंगमध्ये तुमची गाळणी मध्ये नसते आणि एका वाक्यात सगळं फुटतं. त्या दिवशी तेच झालं.

तो लीड उद्धट आहे का? असेलही, मी त्याला ओळखत नाही. पण त्या वाक्यावरून मी तसं ठरवणार नाही. इस्रायलच्या टेक कंपन्यांतले बरेच जण सक्तीच्या सैन्यसेवेतून आलेले असतात. तिथे अधिकाऱ्यालाही पहिल्या नावाने हाक मारतात. मोहीम संपली की चौकशी बसते आणि विशीतला पोरगा वरिष्ठाला तोंडावर सांगतो की तुमचा निर्णय चुकला. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने हल्ला केला, तेव्हा युद्ध होणार नाही या समजात तिथलं गुप्तचर खातं गाफील राहिलं होतं. त्यानंतर लष्करी गुप्तचर विभागात एक वेगळी शाखाच उभारली गेली. ज्यावर सगळ्यांचं एकमत होईल त्याची उलट बाजू मांडायची, हे तिचं काम. धर्मग्रंथांचा अभ्याससुद्धा तिथे जोडीने, एकमेकांचं म्हणणं खोडत करायची जुनी परंपरा आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला समोरचा गप्प बसला की काळजी वाटते. वाद घालणं म्हणजे तुमचं काम मनावर घेतलं, असा तिथला हिशोब.

माझी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, मैत्रीण इस्रायलमध्ये अश्दोदला असते. मूळ अलिबागकडचं घराणं, घरात अजून मराठी. नावगाव न सांगता तिला तुमचा प्रसंग ऐकवला. तिने विचारलं, "मग नंतर त्याने तिला कॉफी नाही पाजली?"

मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. तेल अवीवच्या ऑफिसात भांडण झालं की दोघं जण चहा-कॉफीच्या कोपऱ्यात जातात, मुलांच्या शाळेचं बोलतात आणि विषय संपतो. व्हिडिओ कॉलवर भांडणाचा पहिला अर्धा भागच पोचतो. नंतर खिडकी बंद. प्रवासाच्या बजेटमधून एकच तिकीट मिळणार असेल, तर व्हाइस प्रेसिडेंटऐवजी त्या लीडला आठवडाभर बॉस्टनला आणा.

आता अमेरिकन बाजू. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. मोंटाना सोडलं तर अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत, वेगळा करार नसेल तर, मालक कारण न देताही कर्मचाऱ्याला काढू शकतो. इस्रायलमध्ये काढण्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. बॉस्टनच्या मुलीने चारचौघांत "हे चालणार नाही" ऐकलं, तेव्हा तिला त्यात आपल्या फाइलचं पहिलं पान दिसलं असणार. म्हणून तिथले लोक टीका एकांतात करतात आणि चार चांगल्या शब्दांत गुंडाळतात. "ग्रेट स्टार्ट, एक-दोन सूचना आहेत" या वाक्यातलं काम त्या सूचनांत असतं, हे अमेरिकनाला कळतं. तुमच्या लीडने फक्त "ग्रेट" ऐकलं.

तरीही अप्रेझलच्या बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. वर्षभर एकदाही नीट न सांगता शेवटी रेटिंग कमी करणं हा सभ्यपणा नाही, तो मॅनेजरचा आळस आहे. हे त्या मॅनेजरला तुम्ही सांगायलाच हवं. पगार बॉस्टन ठरवतं, म्हणून बदलायचं फक्त तेल अवीवने, असं होता कामा नये.

गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने देशोदेशींच्या आयबीएम कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून काही निर्देशांक काढले होते. वरिष्ठ-कनिष्ठ अंतर किती मान्य आहे, याचा इस्रायलचा आकडा १३, अमेरिकेचा ४० आणि आपला ७७! असे आकडे फार ताणू नयेत. पण साहेबाला वाईट वाटू नये म्हणून वाक्य घासूनपुसून देण्याची सवय तुम्हाला कुठून लागली, याचा अंदाज येतो.

त्या दोघांना आता एकत्र बोलू द्या, तुमच्याशिवाय. माफीनामा मागू नका. तो जबरदस्तीने "सॉरी" म्हणेल आणि कोणालाच खरं वाटणार नाही. त्याने डिझाइनमध्ये नेमकं काय अडतं ते सांगावं. तिने टीका कधी आणि कशी ऐकायला आवडेल ते सांगावं. तिला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: "थांब, माझं पूर्ण होऊ दे" असं तिने मोठ्याने म्हटलं, तर त्याला मुळीच राग येणार नाही. उलट तिच्याबद्दल त्याचं मत सुधारेल.

मीटिंगपुरता नियम करा. प्रेझेंटेशन संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मग ठरलेला अर्धा तास कामावर हवी तेवढी खडाजंगी, आणि माणसाच्या कुवतीबद्दल काही असेल तर ते एकांतात. बॉस्टनच्या लोकांनाही एक बंधन घाला. "इंटरेस्टिंग" किंवा "नंतर बोलू" म्हटलं, तर त्याच दिवशी हो, नाही किंवा तारीख लिहून द्यायची.

घड्याळाकडेही बघा, कारण निम्मा राग तिथून येतो. तिकडे रविवार ते गुरुवार काम, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू. बॉस्टनशी फरक सात तासांचा. मार्चमध्ये काही दिवस आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर तो सहावर येतो, आणि त्या दिवसांत हमखास कोणीतरी मीटिंग चुकवतं. तुमच्या गुरुवार दुपारची मेल तिकडे रविवारी उघडते, तिचं उत्तर तुम्ही सोमवारी वाचता आणि म्हणता, "किती उशीर!" निर्णयाच्या मीटिंग सोमवार ते बुधवार, तुमच्या सकाळी ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सणांत तिथलं अर्धं कामकाज "सणांनंतर बघू" वर असतं, तेव्हा मोठी डेडलाइन टाकू नका.

लीडला एक खासगी सूचना मात्र तुम्हीच द्या. घरभाडं किती, लग्न का नाही, मुलं कधी, हे तो आपुलकीने विचारत असेल. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत अनोळखी काकू एवढ्यावर थांबत नाहीत, पगारही विचारतात. पण अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून धर्म, लिंग, वंश यांवरून कामाच्या जागी भेदभाव करता येत नाही, आणि अशा प्रश्नांतून तक्रार उभी राहू शकते. ऑक्टोबर २०२३ पासून तिकडचे सहकारी राखीव सैनिक म्हणून अचानक बोलावले जातात. तेव्हा बॉस्टनने राजकारणावर मत द्यायची गरज नाही. घरचे कसे आहेत ते विचारावं आणि काम दुसऱ्याकडे सोपवावं.

उद्या तपासायला मेल आली की ती जशीच्या तशी परत पाठवा. वर एवढंच लिहा: "थेट त्यांनाच पाठवा, गरज वाटली तर मला सीसी करा." पहिले एक-दोन आठवडे कठीण जातील, तक्रारीही येतील. एचआरला हे आजच सांगून ठेवा.

– तुमची ताई