प्रवास-शंका : हंगाम सरल्यावरची दक्षिण इटली

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे आणि माझे यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस आम्ही सात वर्षांपूर्वी सहल कंपनीबरोबर पाहिले, पण त्यातला बराच वेळ बसमध्ये गेला. आता नोव्हेंबरच्या अखेरीस आम्हा दोघांनाच दक्षिण इटलीत बारा रात्री शांतपणे काढायच्या आहेत. बारी, पोलिन्यानो, आल्बेरोबेल्लो, ओस्तूनी, लेच्चे, ओत्रान्तो, गाल्लीपोली आणि मातेरा अशी आठ गावे आम्ही निवडली आहेत. आमचे तिकीट एजंट म्हणतात की त्या दिवसांत तिथे सगळे बंद असते. हे खरे आहे का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : आपल्या एजंटांचे म्हणणे आपल्या यादीतल्या निम्म्या गावांपुरते खरे आहे. कोणत्या निम्म्या, हे कळले की आपला प्रवास आपोआप आखला जाईल. जुलैमध्ये मालवणला गेलेल्या माणसाला सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारी होडी मिळत नाही आणि किनाऱ्यावरची निवासस्थानेही झाकलेली दिसतात, पण त्याच दिवशी कुडाळचा बाजार नेहमीसारखा भरलेला असतो. इटलीच्या टाचेचा भाग असलेल्या पुल्या प्रांतात हिवाळ्यात नेमके हेच घडते. पोलिन्यानो, ओत्रान्तो आणि गाल्लीपोली ही समुद्रस्नानाची गावे असल्यामुळे तिथली बरीच हॉटेले आणि खानावळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि ईस्टरच्या सुमारास उघडतात. आल्बेरोबेल्लोमधील दुकानांच्या गल्ल्याही बऱ्याच अंशी पर्यटकांवरच चालतात. याउलट बारी ही पुल्याची राजधानी आहे, लेच्चे आणि मातेरा ही जिल्ह्याची ठिकाणे आहेत, आणि लेच्चेला विद्यापीठही आहे. तिथे न्यायालयात तारखा पडतात, मुले शाळेत जातात आणि भाजीवाल्यांना रोजचे गिऱ्हाईक असते. तेव्हा हंगाम नसताना मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणी करावा आणि छोटी गावे दिवसा जाऊन पाहून यावीत.

यादीतली सर्वच गावे मुक्कामासाठी धरण्याचा आग्रह आपण सोडावा. बारीत तीन रात्री, मातेरात तीन, लेच्चेत पाच आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा बारीत एक, अशा बारा रात्री मी सुचवीन. मुंबईहून बारीला थेट विमान नाही. वाटेत कुठेतरी विमान बदलावे लागते, किंवा रोमला उतरून साधारण चार तासांच्या आगगाडीने बारी गाठता येते. बारी ते लेच्चे हा लोहमार्ग किनाऱ्याला बराचसा समांतर आहे आणि पोलिन्यानो, ओस्तूनी व ब्रिंदिसी ही स्थानके त्याच मार्गावर आहेत. पोलिन्यानोचे स्थानक गावाला लागूनच आहे, त्यामुळे बारीहून सकाळी निघून कड्यावरची घरे पाहून जेवणाच्या वेळेपर्यंत सहज परतता येते. ओस्तूनीचे जुने पांढरे गाव मात्र टेकडीवर, स्थानकापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे आणि मधल्या बसच्या फेऱ्या हिवाळ्यात मोजक्या असतात. मातेराला जाणारी गाडी छोट्या मार्गावरची असून ती बारीच्या मुख्य स्थानकाशेजारच्या वेगळ्या इमारतीतून सुटते आणि दीड ते दोन तासांत पोहोचते. ती इमारत प्रथम जाणाऱ्याला पटकन सापडत नाही, म्हणून हातात पंधरा मिनिटे जास्त ठेवावीत. या छोट्या मार्गांवरच्या गाड्या रविवारी आणि सणाच्या दिवशी बहुतेक बंद असतात आणि त्यांच्या जागी सोडलेल्या बस मोजक्याच असतात. त्यामुळे गावाहून गावाला जाण्याचा दिवस रविवारी येणार नाही, एवढे पाहूनच तारखा ठरवाव्यात. ८ डिसेंबर हाही तिथे सुट्टीचा सण आहे. संपाची सूचना लागलीच तर घाबरून जाऊ नये, कारण कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात.

मात्र गाडीच्या वेळापत्रकापेक्षाही तिथल्या दिवसाचे वेळापत्रक समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण हिवाळ्यात नवख्या प्रवाशाची निराशा होते ती याच ठिकाणी. दक्षिणेत दुपारी एक-दीड ते साडेचार-पाच या काळात दुकाने, चर्च आणि अनेक कार्यालये बंद असतात. या निजेच्या वेळेला तिथे कोंत्रोरा म्हणतात. (दुपारी दुकान बंद ठेवण्यावरून पुणेकरांना हसणाऱ्या आम्हा ठाणेकरांना तिथे गप्प बसावे लागते.) उन्हाळ्यात याचा त्रास होत नाही, कारण पाच वाजता सर्व काही उघडल्यावरही तीन-साडेतीन तास उजेड असतो. डिसेंबरमध्ये मात्र लेच्चेत साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे उजेड असतो तेव्हा गाव झोपलेले असते आणि गाव जागे होते तेव्हा काळोख पडलेला असतो. आपल्या सवयीने सकाळी सावकाश नाश्ता करून अकराला बाहेर पडलात, तर चर्चच्या दारांना कुलूप लागण्याआधी जेमतेम दोन तास हाती उरतील, आणि मग संध्याकाळी मुक्कामी परतून आपण एजंटांचे म्हणणे बरोबर होते असे म्हणाल.

यावर उपाय असा की चर्च, संग्रहालये आणि बाजार सकाळी साडेआठपासून पाहून घ्यावेत, एक वाजता टेबलाशी बसून नीट जेवावे, आणि दोन ते चार हा वेळ चालण्यासाठी, तटबंदीवरून समुद्र पाहण्यासाठी किंवा आगगाडीच्या प्रवासासाठी ठेवावा. पाचनंतर पुन्हा बाहेर पडावे. कोट घातलेली आजी-आजोबांची जोडपी, बाबागाडी ढकलणारे आईवडील आणि महाविद्यालयातली मुले अशी सगळी माणसे त्या वेळी एकाच रस्त्यावर वरखाली फिरत असतात. आपल्या ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी जे दिसते तेच हे, फक्त शेंगदाण्यांच्या जागी भाजलेले चेस्टनट असतात. रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आत सहसा मिळत नाही. सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात, आणि खानावळींचाही आठवड्याचा एक दिवस सुट्टीचा असतो, तो आधी पाहून ठेवावा.

आपण निवडलेले दिवस एका अर्थाने फार चांगले आहेत. बारीचा संत निकोलास हा ग्रामदैवतासारखा आहे. १०८७ साली बारीच्या खलाशांनी त्याच्या अस्थी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावाहून आणल्या, आणि त्या ठेवण्यासाठी बांधलेले भव्य चर्च जुन्या गावात आजही भक्तांनी गजबजलेले असते. ६ डिसेंबरला त्याच्या सणाच्या दिवशी उजाडण्याच्या बऱ्याच आधी तिथे प्रार्थना होते आणि ती आटोपून बारीची मंडळी कुडकुडत गरम चॉकलेट प्यायला जातात. बारीतली शेवटची रात्र ५ डिसेंबरची धरलीत तर काकड आरतीची सवय असलेल्या माणसाला तिथे परके वाटणार नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात थांबणार असाल तर लेच्चेत संत लुचीयाच्या नावाने भरणारी मूर्तींची जत्राही पाहता येते. कागदाच्या लगद्याच्या मूर्ती ही त्या गावाची जुनी कला आहे. लेच्चेचा पिवळसर दगड मऊ असल्यामुळे कारागिरांनी सांता क्रोचे चर्चच्या दर्शनी भिंतीवर फळे, पशू आणि देवदूत इतके दाटीने कोरले आहेत की एकदा पाहून समाधान होत नाही. पाच रात्रींमुळे ती भिंत दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यांत, दोन्ही वेळी पाहता येईल.

ओत्रान्तोला लेच्चेहून एका दिवसात जाऊन यावे. तिथल्या कॅथीड्रलची संपूर्ण जमीन ११६३ ते ११६५ या काळात पांतालेओने नावाच्या साधूच्या देखरेखीखाली रंगीत खड्यांनी मढवली गेली. तिच्यावर पसरलेल्या विशाल वृक्षाचे खोड दोन हत्तींच्या पाठीवर उभे आहे. युरोपच्या त्या टोकाला आपले हत्ती भेटतात तेव्हा गंमत वाटते. १४८० साली ऑटोमन आरमाराने हे गाव घेतले आणि धर्म सोडण्यास नकार देणाऱ्या सुमारे ८०० पुरुषांना ठार केले. त्यांच्या अस्थी त्याच चर्चमध्ये काचेमागे रचून ठेवल्या आहेत, मन हळवे असेल तर त्या दालनात जाऊ नये. गाल्लीपोली गाळले तरी चालेल. या भागातून गाडी जाताना दोन्ही बाजूंना करड्या, वठलेल्या खोडांची रानेच्या राने दिसतील, ती पानगळ नव्हे. झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग २०१३ साली गाल्लीपोलीच्या परिसरात प्रथम आढळला आणि त्यात सालेन्तोमधली, म्हणजे टाचेच्या टोकाकडच्या या भागातली, लाखो ऑलिव्हची झाडे मेली. आपल्या कोकणातल्या हापूसच्या बागा अशा वाळल्या तर काय वाटेल, ते मी दर वेळी त्या खिडकीशी बसून मनात आणते.

थंडीबद्दल आपण विचारले नाही, पण विचारायला हवे होते. दिवसा १२ ते १५ अंश आणि रात्री ५ ते ७ अंश हे आकडे मनालीच्या मानाने किरकोळ वाटतात, पण जाड दगडी भिंतींच्या घरात ओल असते आणि ती हाडांत शिरते. इटलीत घर तापवण्याच्या तारखा आणि तास कायद्याने ठरवलेले आहेत. बारी आणि लेच्चे ज्या हवामान पट्ट्यात येतात तिथे इमारतीची सामाईक यंत्रणा १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात, दिवसाला जास्तीत जास्त १० तास चालू ठेवता येते. म्हणून खोली ठरवताना न्याहारीची चौकशी नंतर करावी आणि ऊब कशाने मिळते व ती रात्री चालू राहते का, हे आधी लिहून विचारावे. एकदा किनाऱ्यावरच्या एका भाड्याच्या घरात, छायाचित्रातल्या सुंदर कमानीला भुलून, मी दोन रात्री कोट घालून झोपले आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. दिवाळीनंतर कागद गोळा करू असे म्हणत बसू नये.

प्रश्न : आमच्या घरी मांस, मासे आणि अंडेही चालत नाही. सासूबाईही बरोबर येणार आहेत. दोन आठवडे ब्रेड आणि फळांवर काढावे लागतील का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : अजिबात नाही. पुल्याचे जुने जेवण गरीब शेतकऱ्याचे आहे, आणि त्यात डाळ-कडधान्य, पालेभाजी व तेल हाच आधार आहे. सासूबाईंना प्रथम फावे ए चिकोरिया खाऊ घालावे. वाळवलेल्या फावा बियांची डाळ शिजवून, घोटून पिठल्याइतकी दाट करतात, तिच्याशेजारी मेथीसारखी कडसर रानभाजी वाढतात आणि वरून ऑलिव्हचे कच्चे तेल सोडतात. फोडणी नसते, एवढेच. लेच्चेत मिळणारे चीचेरी ए त्रिया म्हणजे हरभऱ्यांत शिजवलेल्या कणकेच्या पट्ट्या, त्यांतल्या काही तळून वर घातलेल्या. वरणफळे आवडणाऱ्या घरात याची ओळख करून द्यावी लागणार नाही. पुल्यातला ताजा ओरेक्येत्ते पास्ता परंपरेने रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो, त्यात अंडे नसते. उत्तरेकडच्या ताज्या पास्त्यात ते बहुधा असते, हा फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. मातेराच्या वाटेवरच्या आल्तामुरा गावची पिवळसर पाव-लादी चार-पाच दिवस टिकते. डिसेंबरच्या सणांत आंबवलेल्या पिठाची पेत्तोले नावाची तळलेली बोंडे घरोघर होतात.

धोके तीन आहेत आणि तिन्ही दिसत नाहीत. ओरेक्येत्तेबरोबरची चीमे दी रापा ही मोहरीच्या कुळातली हिवाळी भाजी शाकाहारी दिसते, पण तिच्या तेलात बहुधा आच्चुगे, म्हणजे खारवलेले छोटे मासे विरघळवलेले असतात, आणि पेत्तोलेच्या पोटातही ते कधी कधी निघतात. लेच्चेच्या प्रसिद्ध पास्तीचोत्तोच्या पारीत परंपरेने डुकराची चरबी असते आणि सारणात अंडे, तेव्हा तो आपल्यासाठी नाही. पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने धरते, त्याबद्दल घरी आधीच ठरवून जावे. नुसते शाकाहारी म्हटल्याने मासे वगळले जातीलच असे नाही, म्हणून सेन्सा कार्ने, सेन्सा पेशे, सेन्सा आच्चुगे, सेन्सा स्त्रुत्तो, सेन्सा उओव्हा, म्हणजे मांस, मासे, खारे मासे, चरबी आणि अंडे वगळून, ही ओळ कागदावर लिहून वाढप्यापुढे धरावी. कुकर नेऊ नये.

प्रश्न : मातेरा पायऱ्यांचे गाव आहे असे ऐकतो. आईचे गुडघे दुखतात. तिला नेऊ की नको? (एक वाचक, खारघर)

उत्तर : न्यावे, पण खोली सास्सीमध्ये, म्हणजे खालच्या गुहाघरांच्या वस्तीत घेऊ नये. वरचे गाव बरेचसे सपाट आहे आणि तिथल्या सज्जांवरून दोन्ही सास्सी आणि मधली टेकडी नीट दिसते. पावसात खालच्या गुळगुळीत दगडांवरून तरणा माणूसही घसरतो. आईंना वरच्या सज्जावर बसवून इतिहास सांगावा. या गुहांत माणसे आणि जनावरे एकत्र राहत होती, १९५२च्या कायद्याने सुमारे १५ हजार लोकांना तिथून हलवायला सुरुवात झाली, ओस पडलेली तीच वस्ती १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. संध्याकाळी समोरच्या गुहांत दिवे लागेपर्यंत थांबावे आणि आईंसाठी बसायला एक जाड आसन बरोबर ठेवावे, कारण कट्टे बर्फासारखे गार असतात.

प्रश्न : आम्ही दोघे तिशीतले आहोत. गाडी भाड्याने घ्यावी का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : सगळ्या प्रवासासाठी नको, लेच्चेहून दोन दिवसांसाठी हवी तर घ्यावी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो आणि तो आरटीओकडून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. जुन्या गावांच्या वेशीवर बाहेरच्या वाहनांना मनाई करणारे कॅमेरे असतात. माझ्या भाच्याने एका संध्याकाळी खानावळ शोधताना अशी वेस दोनदा ओलांडली आणि पाच महिन्यांनी त्याच्या ठाण्याच्या पत्त्यावर दोन वेगवेगळे दंड आले, शिवाय भाडे कंपनीने पत्ता कळवण्याचे शुल्क आधीच कार्डातून कापून घेतले होते. गाडी तटाबाहेर लावावी आणि आत चालत जावे.