अमेरिकेतल्या गुगेनहाइम घराण्याचा पैसा खाणीतून आला म्हणतात, तो न्यूयॉर्कच्या त्यांच्या कलासंग्रहालयात कसा पोचला?

प्रश्न चांगला आहे. फक्त ‘खाणीतून’ हा शब्द थोडा सोडवून सांगतो.

मायर गुगेनहाइम हा स्वित्झर्लंडमधल्या लेंगनाऊचा शिंप्याचा मुलगा. त्या काळी तिथं ज्यूंना राहायला दोनच गावं मोकळी होती आणि लग्नालाही सरकारी परवानगी लागायची. बापाला दुसरं लग्न करायचं होतं, परवानगी मिळेना, म्हणून सगळं कुटुंबच अमेरिकेला गेलं. तिथं बापलेक पेनसिल्व्हेनियात पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार माल विकत. त्यात शेगडी चकचकीत करायचं पॉलिश होतं. मायरच्या लक्षात आलं की नफ्यातला मोठा वाटा ते बनवणारा खातो आणि गिऱ्हाइकाचे हात काळे होतात ते वेगळंच. त्यानं ते एका रसायन जाणणाऱ्याकडून तपासून घेतलं आणि हात न माखणारं पॉलिश घरीच बनवायला घेतलं. माझ्या मते या घराण्याचा पुढचा सगळा धंदा या एका डबीत आहे.

कारण 1880 च्या सुमारास कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला त्यानं पाण्यानं भरलेल्या दोन खाणींत भागीदारी घेतली. पाणी उपसल्यावर चांदी-शिसं लागलं खरं, पण धातू गाळणारे भट्टीवाले त्यातला मोठा हिस्सा घेऊन जात. म्हणजे पुन्हा तेच! म्हणून 1888 मध्ये पुएब्लोला स्वतःची भट्टी, मग मेक्सिकोत. 1899 मध्ये रॉकफेलरांच्या स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीच्या गोटातल्या मंडळींनी बऱ्याचशा भट्ट्या एकत्र करून ‘असार्को’ कंपनी काढली. गुगेनहाइम बाहेर राहिले, झुंजले आणि 1901 मध्ये तीच कंपनी ताब्यात घेतली. पुढे युटा, अलास्का, चिलीचं तांबं. काँगोत जुलमी राजवट चालवणारा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्याकडून 1906 मध्ये मिळालेल्या खाणकामाच्या हक्कांतही त्यांचा वाटा होता, हे कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

मायरनं सात मुलांना काठ्यांच्या मोळीची गोष्ट ऐकवली होती म्हणतात. मोळी सुटलीच. दोघं वेगळे झाले, त्यातला बेंजामिन 1912 मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाला. 1923 मध्ये चिलीतली चुकिकामाता खाण 7 कोटी डॉलरला विकली आणि हातात रोकड खुळखुळू लागली.

दान त्याआधीही होतंच, न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयासारख्या ज्यू संस्थांना. पण नंतर प्रत्येक भावाची वाट वेगळी झाली. डॅनिएलनं विमानविद्येला पैसा दिला. सायमनचा 17 वर्षांचा मुलगा जॉन 1922 मध्ये गेला. त्याच्या नावानं 1925 मध्ये 30 लाख डॉलरच्या निधीतून फेलोशिप सुरू झाली. सॉलोमनला हिला रिबे या चित्रकर्तीनं कशाचंही चित्र नसलेल्या, तिच्या शब्दांत ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, चित्रांचं वेड लावलं. त्या चित्रांसाठी काढलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाची न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची गोल इमारत 1959 मध्ये उघडली, तोवर तो जाऊन दहा वर्षं झाली होती.

2014 मध्ये तिथं आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तेही स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणू देत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत, म्हणजे रिबेबाईंचाच शब्द. मी गेलो होतो. एका पिवळ्या कॅनव्हाससमोर बराच वेळ बसून राहिलो. गंमत अशी की 1964 मध्ये गायतोंडे पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर घराण्याच्या फंडावर, म्हणजे स्टँडर्ड ऑइलवाल्यांच्या.