मायक्रोसॉफ्ट ऑफिस विकत घ्यायच्या आधी

घरची पत्रं आणि महिन्याचा हिशोब एवढंच काम असेल तर लगेच पैसे भरू नका. लिबरऑफिस फुकट आहे, वर्ड-एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. महिनाभर वापरून तर बघा.

- मराठी युनिकोडमध्येच (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ कचरा दिसतो आणि बोल लागतो सॉफ्टवेअरला! नवखे हमखास इथेच अडकतात.
- फाइल नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ पाठवा.
- किरकोळ पैशांत 'लाइफटाइम की' (ऑफिस कायमचं चालू करायचा कोड) विकणाऱ्यांपासून लांब राहा.

रोज मॅक्रोवाल्या (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा असलेल्या) शीट हाताळायच्या असतील, तर मात्र सरळ एक्सेल घ्या. ते मॅक्रो लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतीलच असं नाही.